बिघाडवही

सुपडूकाका फेगडे गेले त्या दुपारी
भुसावळात पारा सत्तेचाळीसवर,
आणि मुलगा नाशिकहून निघालेला.
मला म्हणाले, तू बर्फाचं बघ.

गोणपाटात गुंडाळलेली लादी रिक्षात मांडीवर घेतली,
गार पाणी पँटीत झिरपायला लागलं
आणि ती खोली आठवली,
बँकेची मागची, काचेच्या दाराची,
जिथला गारवा माणसांसाठी नव्हता.
पासबुक भरून झालं तरी लोक दाराशी रेंगाळायचे,
चेअरमनसुद्धा चपला बाहेर काढायचे.
यंत्र आलं त्या दिवशी कुणीतरी नारळ आणला.
काका दारात आडवे:
"कुंकू पडद्याला लावा, बटनांना नको.
नारळ रस्त्यावर."

मी बारावी नापास, पंख्यांच्या दुकानात हरकाम्या.
त्यांनी स्टुलावर बसवलं, हातात पेचकस दिला.
"खोल. भेऊ नको रे भाऊ, ते काही चावत नाई."
खोललं तर आत पाल.
वहीत ती नोंद अजून आहे, त्यांच्या तिरक्या अक्षरात:
बिघाड: चालू होत नाही.
कारण: पाल. मयत.
उपाय: बाहेर काढली.
शेरा: तिचा दोष नाही. बाहेर ऊन फार.

लढाईचं विचारलं की म्हणत,
"तार तुटली होती. जोडली."
पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं,
तिथेही एवढंच बोलून खाली बसले.
हेडमास्तरांनी उरलेला वेळ गाण्यांनी भरला.

फक्त एकदा, लाईट गेलेली,
बॅटरीचा डबा टूं टूं करत होता.
म्हणाले, पलीकडून एक पोरगं आकडे सांगत होतं,
पाच-पाचाचे गट. आवाजावरून आपल्याकडचं वाटलं,
यावल-रावेरकडचं.
चौथ्या आकड्यावर थांबलं.
मी पाचव्यासाठी उजाडेपर्यंत कान लावून होतो.
तेवढ्यात लाईट आली
आणि ते उठून मशीन चालू करायला गेले.

फोन ते आधी कधी ठेवत नसत.
राँग नंबरचासुद्धा.
द्वारकाकाकू कपाळाला हात लावायच्या:
"समोरचा कवाच गेला, आता काय भिंतीशी बोलता?"

फौजेतली शेवटची वर्षं दिल्लीला,
भिंतीएवढ्या कॉम्प्युटरच्या सेवेत.
तिथली बाद झालेली, भोकांची कार्डं
ट्रंक भरून घरी आणली.
काकू त्यांच्या पाठीवर वाण्याची यादी लिहायच्या.
गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या की
शेजारची पोरं कार्डं उन्हात धरत,
ओल्या बिबड्यांवर उजेडाचे बारके चौकोन पडत
आणि काका ते वाचून दाखवत,
"हे एका शिपायाचं रजेचं खातं.
अठ्ठावीस दिवस शिल्लक."
कुणाचं, ते सांगत नसत.

बँकेने पुढे नवी यंत्रं घेतली,
कंपनीची मुलं जळगावहून यायची, टाय लावून.
काकांना निरोपाला शाल मिळाली. मे महिन्यात.
जुनं यंत्र भंगारात चाललं तर
त्याचा पंखा तेवढा काढून आणला.
तो काकूंच्या देवघराशेजारी
शेवटपर्यंत फिरत होता,
धूर बाहेर ढकलत.

दहाव्यानंतर ट्रंक उघडली.
सोल्डरिंगची इस्त्री, कथलाचं वेटोळं,
फ्लॉपींचा डबा, त्यात सुपारी.
आणि वही. शेवटचं पान, तारीख आखाजीची,
अक्षर पार सांडलेलं:
बिघाड: डावा हात. टाका बसत नाही.
कारण:
पुढे कोरं.
उपाय: पुंडलिकला विचारणे.

पुंडलिक मी.
तीन गल्ल्या सोडून राहतो,
मोबाईल दुरुस्त करतो, पाटीवर त्यांचंच वाक्य आहे.
आखाजीला दुकानात गर्दी होती.
फोन आला होता.
काका, नंतर बोलतो म्हणालो
आणि ठेवला.
आधी.