अकरा नंबरची किल्ली

जिमखान्यामागे, सायकल स्टँडला लागून, अकरा नंबर.
किल्ली माझ्याकडे असते, कमवा-शिकातून.
महिनाअखेर जे हातात येतं
त्यात मेसचं अर्धं बिल निघतं.

सतरंजी एकच. निळी, एका कोपऱ्यात जळालेली.
सोमवारी तिच्यावर ईशान गर्गेचं गीता मंडळ बसतं
आणि खिडकीच्या फटीत उदबत्तीची राख ठेवून जातं.
मंगळवारी उत्पला पगारे मेणबत्ती लावते.
त्यांच्यातला एक मुलगा नेहमी उशिरा येतो,
दारातच वंदनेचा सूर पकडतो, चप्पल काढता काढता.
गुरुवारी शरणपूरचा रूबेन त्रिभुवन, गिटार,
आणि गिटारपेक्षा मोठा त्याचा हसण्याचा आवाज.
तस्नीम मणियार आणि तिच्या दोघी मैत्रिणी वार मागत नाहीत.
फक्त विचारतात, दादा, दुपारी दहा मिनिटं मोकळी आहे का?
जाताना सतरंजीची घडी माझ्याहून नीट घालतात.
मौन साधना क्लबही आहे.
सगळ्यात जास्त भांडणं त्यांची : पंखा चालू की बंद.

मी झाडतो.
तांदळाचे दाणे, मेणाचे थेंब, तुटलेली तार,
एकदा एक कानातलं,
एकदा फिजिक्सचं जर्नल, प्रयोग सहा, निष्कर्ष कोरा.
नोंदवहीत तक्रारी असतात :
आमच्या आधीच्यांचा वास राहिला आहे.
आमच्या आधीच्यांनी फळा पुसलेला नाही.
आपणही कोणाच्या तरी आधीचे आहोत
असं अजून कोणी लिहिलेलं नाही.

डिसेंबरात नोटीस लागली. खोली प्लेसमेंट सेलला.
त्या संध्याकाळी सगळेच्या सगळे
एका वेळी त्या सतरंजीवर मावले.
बाहेर निफाडकडून आलेला गारठा, आत काखेत घातलेले हात.
अर्ज आधी इंग्रजीत झाला, मग फाडून मराठीत.
'प्रार्थना' की 'उपासना' यावर चहा संपला.
शेवटी लिहिलं 'व्यक्तिमत्त्व विकास',
आणि कोणी कोणाकडे बघितलं नाही.

मग पहिली सही कोणाची, यावर पाऊण तास.
आडनावाप्रमाणे? मग गर्गेच आधी येतात.
सभासद मोजून? मग तस्नीम गप्प झाली.
रूबेन म्हणाला, गोलात करू या सह्या.
गोलालाही कुठून तरी सुरुवात करावीच लागते, उत्पला म्हणाली.
तेव्हा ईशानला सुचलं.
चांगल्या मनानं सुचलं, हे मी मान्य करतो.
भोये, पहिली तू कर. तू कोणाचाच नाहीस ना.

सगळ्यांना एकदम पटलं.
पेन उठत नव्हतं. तळहातावर गिरवलं, मग केली.

सांगायला हवं होतं का?
की उंबरठाणच्या पुढे, जिथे एसटी वळून परत फिरते,
तिथून मार्गशीर्षात माणसं डोंगऱ्यादेवाला जातात,
अनवाणी, रात्रभर, पावरीच्या मागे मागे.
की माझा बाप सात वर्षं माउली होऊन गेला
आणि आठव्या वर्षी गुडघ्यानं नाही म्हटलं, तेव्हा रडला.
की पुनवेला तो डोंगर
दारासारखा उघडतो म्हणतात. मी पाहिलेला नाही.
दर वर्षी तेव्हाच सेमिस्टर असते.
त्याला खोली लागत नाही,
म्हणून तो अर्जात नाही, एवढंच.

अर्ज विचाराधीन आहे.
तोवर कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर येऊन बसलेत,
प्लॅस्टिक न काढलेले. मी त्यांच्याभोवती झाडतो.

पुनवेच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली. कारण : घरगुती.
मग ते खोडलं. मग खोडलेलंच परत लिहिलं.
किल्ली कोणाकडे द्यावी, कळेना. तस्नीमकडे दिली.
गावी काही आहे का, तिनं विचारलं.
डोंगर चढायचाय, म्हटलं.
रात्री?
रात्री.
तिनं किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारून.
थंडी असेल, म्हणाली, स्वेटर ने.