झालं, म्हणाली डिस्क

क्लाक्सविकच्या धक्क्यावर मध्यरात्री तीनदा वीज लुकलुकली.
लिलावघरातली डिस्क प्रत्येक वेळी म्हणाली होती : झालं, लिहिलं.
लिहिलं नव्हतं.
अर्धं पान उतरवून, अर्धं मनातच ठेवून
ती निजली होती,
साहेबापुढे मान डोलावणाऱ्या कारकुनासारखी.

सकाळी सूची म्हणाली, एक्केचाळीस पेट्या हॅडॉक.
तक्ता म्हणाला, एकोणचाळीस.
पान आठशे बारा उघडलं
तर पडताळ्याची बेरीज जुळेना.

रान्वाने आधी सगळ्यांचे हात थांबवले.
"कुणी काही दुरुस्त करायचं नाही."
चाळीस वर्षं वजनकाट्यापाशी उभा असलेला हेरगाइर
टोपी हातात घेऊन दारात थांबला,
आजाऱ्याच्या खोलीबाहेर थांबतात तसा.

मग अख्ख्या डिस्कची प्रत, जशीच्या तशी,
कुजकं तेही कुजकंच उचलायचं.
आतून टकटक येत होती.
काही जागी दहादा विचारावं लागलं,
काही जागी तिने उत्तरच दिलं नाही.
मूळ डिस्क कपाटात गेली, कुलपात.

बॅकअप होते. रोजचे होते.
गेल्या तीन आठवड्यांचे सगळे
तीच कीड इमानेइतबारे जपून बसलेले.
कुणी कधी उघडून पाहिले होते का,
हे रान्वाने विचारलं नाही. तिचंच काम होतं ते.

नऊ नोव्हेंबरचा एक धड निघाला.
त्याच्यावर तिने पुढचे बदल चढवले,
डोंगरापलीकडच्या यंत्रात साठत राहिलेले,
होडी, मासा, किलो, भाव,
होडी, मासा, किलो, भाव,
उजाडेपर्यंत.
डिसेंबरात तिथे पावणेदहाला उजाडतं.

दोन पेट्या उरल्याच.
हेरगाइरने खिशातून ओलसर वही काढली.
पेन्सिलीने लिहिलेलं : दोन, हॅडॉक.
होडीचं नाव समुद्राने पुसलेलं.
"एलिन्बोर्गच असणार. लिही."
"डिस्कही असंच म्हणाली होती," रान्वा म्हणाली,
आणि तो रकाना रिकामा सोडला.

नवी डिस्क आली त्या दिवशी
ती टेबलाखाली उकिडवी बसली
आणि लिहिणं ऐन भरात असताना प्लग उपटला.
लावला. तपासलं. पुन्हा उपटला.
एकोणिसाव्या खेपेला हेरगाइरला राहवेना :
"अगं, बिघडेल ती."
"बिघडायचीच असेल तर आज बिघडू दे,"
टेबलाखालून आवाज आला.
"वीस."