गणपूर्तीअभावी

वीस सभासद हवेत. आम्ही नऊ.
घटनेचं कलम सतरा सांगतं:
गणपूर्तीअभावी सभा तहकूब होईल,
अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरेल,
आणि त्या सभेला गणपूर्तीची अट राहणार नाही.

म्हणजे अर्धा तास आम्ही कोणीच नाही,
मग नऊच जण सगळा क्लब.

मी खजिनदार. पुढ्यात पत्र्याची पेटी,
पावतीपुस्तक, आणि बँकेतली शिल्लक,
जी मोठ्याने वाचायची नाही असं ठरलंय.

दारुखाना स्पोर्टिंग. रंग पिवळा आणि शेंदरी.
शेंदरी म्हणजे देवाचा नव्हे, जहाजाचा:
लोखंड गंजू नये म्हणून फासतात तो.
पहिल्या संघाने तोच बनियनला लावला म्हणे,
आणि सामनाभर पाठी खाजवल्या.
गोलपोस्ट एका ग्रीक बोटीच्या पाइपांचे.
बोट तुटली, वितळली, तिच्या सळया झाल्या,
हे दोन खांब अजून उभे, जरा डावीकडे झुकून.
त्या झुकण्याने एकदा आमचा गोल वाचवलाय.

वामन तांडेल मनगटावरचं घड्याळ काढून
टेबलावर ठेवतात. अजून बावीस मिनिटं.

महिनाभर वर्गणीसाठी फिरले.
बर्नार्ड कुटिन्हो, आजीव सभासद:
जीव जाऊन चार वर्षं झाली,
सुनेने पाणी दिलं, पंखा लावला.
मयेकर विरारहून म्हणाले, पावती फोनवर पाठवा.
पावती गेली. पैसे यायचेत.
एकाने नुसतं विचारलं, "अजून आहे?"
'आहे' म्हणताना माझाच आवाज चढला,
जिन्यावरची मांजर उठून गेली.

आणि दर रविवारी येतात ती पोरं,
कौलाबंदरची, तेलाच्या डब्यावर ताल धरणारी,
हरलो तरी डबा वाजवत घरी जाणारी.
पंधराशे म्हटलं की त्यांचे हात खिशात जातात
आणि तिथेच राहतात.
येतात त्यांना मत नाही.
मत आहे ते येत नाहीत.
ताळेबंदात हे कुठल्या बाजूला लिहू?

खिडकीबाहेर इस्माईल चौगुले उभे.
एकतीस वर्षं भिंतीवर बसून सामने पाहिले,
भिंतीला त्यांच्या आकाराचा गुळगुळीतपणा आलाय.
एकदा मी त्यांच्या नावाची पावती लिहायला घेतली.
म्हणाले, "थांबा बाई. सभासद झालो
की रेफरीला शिव्या देता येणार नाहीत.
कलम आहे तुमच्यात."
आहे. कलम नऊ.

अर्धा तास झाला. तांडेलांनी घड्याळ परत बांधलं.

विषय क्रमांक तीन: लीगमधली आपली जागा
एका कंपनीला द्यावी. नाव त्यांचं, रंग त्यांचा,
मैदान नवी मुंबईत. देणी फिटतील.
सूचक: कार्यवाह. त्यांनी वाचलं,
आणि वाचून झाल्यावरही बसायचं विसरले.

अनुमोदक?

पंखा. दूर कुठेतरी पत्रा कापण्याचा आवाज.
तांडेलांनी चष्मा पुसला,
मग शेजाऱ्याचा मागून घेऊन तोही पुसला.
आकडे मला ठाऊक. हात मीच वर करायला हवा होता.
मी पेन्सिलीला टोक काढत राहिले,
टोक निघालं, तरी काढत राहिले.

ठराव अनुमोदकाअभावी बारगळला.
कोणी शूर वगैरे नव्हतं. देणी जागच्या जागी:
रेफरींची फी, दोन मोसमांची. धोबी. वीज.
चुन्याची एक गोणी उधारीवर मिळते,
तेवढं सर्वानुमते मंजूर.

तेवढ्यात खिडकीतून चौगुले:
"रविवारी किती वाजता?"
कोणीतरी म्हणालं, साडेतीन.

सभासद नसलेल्याचा प्रश्न
इतिवृत्तात घेता येत नाही.
म्हणून इथे लिहून ठेवते.