कुठल्या खणात

खडेबाजारातल्या अर्जुन बस्तवाडकरला
तुझी सीडी कुठल्या खणात ठेवावी, कळेना.
भजनांत टाकली, तर मधेच बेस गिटार
कॅम्पातल्या चर्चच्या पोराचा.
कानडीत टाकली, तर तिसऱ्या गाण्यात
मराठी ओवी, जात्याच्या घरघरीसकट.
डिस्को म्हणावं, तर संबळ.

शेवटी गल्ल्यापाशीच राहिली,
सुट्ट्या पैशांच्या डबीखाली.

चंपा हलगेकर, तू गेलीस त्या आठवड्यात
त्यानं ती मला फुकट दिली.
'ने बाबा. मला ऐकवत नाही.'

मी ऐकतो.
चौथ्या गाण्यात कानडीतून 'बा' म्हणतेस,
मग मराठीतून 'ये' म्हणायच्या आधी
जराशी खोकतेस.
कुणी कापलं नाही ते.

गाणी सगळी पाठ आहेत आता.
तरी तेवढ्यापुरता
पंखा बंद करतो.