पोटनियम क्रमांक एक

खताच्या गोदामात बैठक भरली,
युरियाच्या पोत्यांवर लाभधारक
आणि दाराशी मी, नागरिकशास्त्राचा निवृत्त मास्तर,
गुडघ्यावर वही घेऊन.
येरळेकाठची आमची पाणीपुरवठा संस्था:
एक विहीर, साठ अश्वशक्तीची मोटार,
एकशे चाळीस सातबारे
आणि त्याहून जास्त भांडणं.

सत्तावीस वर्षं मी फळ्यावर तीन चौकोन काढले.
कायदा करणारे, चालवणारे, न्याय देणारे.
पोरांनी पाठ केले, पेपरात ओतले, विसरली.
तीनच का, हे कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं
त्या दुष्काळी उन्हाळ्यापर्यंत.

त्या वर्षी मोटारघराची किल्ली माझ्याकडे होती.
पाळीपत्रकाची वहीही माझ्याकडे.
तक्रार आली तर ऐकणाराही मीच,
कारण मास्तर माणूस, सरळ.
रात्री अडीचला
नाभिराज मगदुमाच्या पाळीतला दीड तास
मी माझ्या द्राक्षांकडे वळवला.
सकाळी वहीत लिहिलं, वीज नव्हती.
अक्षर सुरेख आलं होतं.

म्हणून काल सांगितलं,
किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे,
तंटा तिसऱ्याकडे,
आणि तो तिसरा असा हवा
ज्याचं वावर पाटाच्या शेपटाला आहे.
चेअरमन हसले. एवढा अविश्वास, गुरुजी?
म्हटलं, चांगला माणूस शोधूच नका.
तो सापडतो,
मग त्याच्या हाती सगळं देऊन
आपण झोपी जातो.
मगदूम कोपऱ्यात तंबाखू मळत होता.
त्यानं वर पाहिलं नाही.

मग प्रस्तावनेची वेळ आली.
मी लांबची गोष्ट काढली:
फिलाडेल्फियातला उन्हाळा, खिडक्या घट्ट लावलेल्या,
आत पंचावन्न माणसं घामाघूम.
पहिल्या ओळीत राजा नाही, देव नाही,
नुसते आम्ही लोक.
आपलंही तसंच सुरू करू म्हटलं,
आणि घसा साफ करून वाचलं,
"आम्ही, या योजनेचे लाभधारक..."

दारात आक्काताई वायदंडे उभी होती.
पाइपलाइनचा अर्धा चर तिच्या कुदळीनं खणलेला,
नावावर मात्र गुंठाभर रान नाही.
"गुरुजी, ह्या आम्हीत मी हाय का?"

गोदामात युरियाचा वास तेवढा राहिला.
आपल्या भाषेत दोन शब्द आहेत.
आम्ही म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर,
आपण म्हटलं की तो चुलीपाशी.
खिडक्या लावून बसलेल्या त्या माणसांच्या भाषेत
दोन्हीला एकच शब्द.
त्यांनी त्यातच भागवलं,
आपल्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना
पाचांतले तीन म्हणून मोजलं,
आणि तो हिशेब पुसायला
नातवंडांना तोफा ओढाव्या लागल्या.

चेअरमन म्हणाले, लाभधारक म्हणजे सातबारा, विषय संपला.
कुणी म्हणालं, प्यायला तरी एक नळ द्या तिकडे.
कुणी म्हणालं, आज नळ, उद्या मत.
ती म्हणाली, "मत आधी द्या. नळाचं मी बघते."

हात वर झाले, मोजले.
अकरा कमी पडले.
मगदुमाचा हात पहिल्यांदा गेला होता.
माझा उशिरा.

तरी शेवटचा नियम मी लिहून घेतला आहे,
हे नियम बदलता येतील.
त्यापुढची चार पानं कोरी सोडली.
आक्काताईनं विचारलं, "बदलणार कोण?"
"आम्ही," म्हणालो
आणि जीभ चावली.

घरी आल्यावर पहिलं पान पुन्हा उघडलं.
शाईतल्या आम्हीवर
पेन्सिलीनं बारीक आपण लिहून ठेवलंय,
मंजुरीच्या अपेक्षेत.
किल्ली, वही, तंटा यांची वाटणी झाली,
खोडरबर कुणाकडे असावं
हे ठरायचं राहिलंय.