विक्रीखतावरची जनावरं

फोंड्याच्या रजिस्ट्रार कचेरीखाली, झेरॉक्सवाल्याला लागून
माझं टेबल. बावीस वर्षं.
चतुःसीमा लिहितो मी: पूर्वेस बांध, पश्चिमेस पोय,
उत्तरेस इनास फर्नांडिसचं भाट, दक्षिणेस खाडी.
खाडी विकता येत नाही,
म्हणून ती नेहमी कडेला.

टेबलाशी उभे राहून लोक शिव्या देतात, दबक्या आवाजात,
कारण वैकुंठबाब वर साहेबांच्या खोलीत चहा पीत असतो.
‘गिधाड मेलं,’ शाबलो म्हणतो.
मी मान हलवतो.
घरी जाताना आठवतं,
गिधाड पाहून किती वर्षं झाली?
मेलेली म्हैस आता रस्त्याकडेला नुसती फुगत राहते.
पाखरू गेलं, शिवी तेवढी मागे राहिली,
आणि शिवीला मात्र रोज खायला मिळतं.

क्रिस्तालिना ‘लांडगा’ म्हणते.
बाई, लांडगा तू कुठे पाहिलास?
तिसरीच्या पुस्तकात. मीही तिथेच,
शेपटी एका पानावर, दात उलटल्यावर.
डुक्कर म्हणावं, तर आमच्या परसातल्या डुकरानं
तीन पिढ्यांची घाण गिळली,
तोंड वाईट न करता.

आणि जळू तर म्हणूच नये.
मोल्याच्या रानात एकदा पिंढरीला लागली होती.
मी मीठ शोधेपर्यंत ती भरली
आणि सुटली. आपणहून.
अशी सुटणारी माणसं
या टेबलाशी अजून आलेली नाहीत.

यंदा पौषात वैकुंठबाबनं आमच्याच गावची खाजण आणली.
अठ्ठावीस नावं. त्यांतली सहा दुबईला, दोन वारलेली,
एक माझी आते, चंद्रावती, डावा अंगठा.
तिनं विचारलं,
‘भरतीला मानशीचं दार कोण लावणार रे आता?’
मी म्हटलं, ‘शाई नीट लाव.’

साक्षीदार म्हणून माझी सही. नेहमीचे पाचशे.
पण आकडा मीच टाइप केला होता, शून्यं मोजून,
तेव्हा म्हटलं, पाच हजार.
वैकुंठबाब हसला. पाकीट काढलं.
खांद्यावर हात टाकून म्हणाला,
‘आता झालास आपला माणूस.’

बावीस वर्षांत मला कुणी
माणूस म्हणून हाक मारली नव्हती.

अमावास्येला आम्ही बांधावर चिखलाची सुसर घालतो.
मांगे.
पाठीवर शिंपल्यांचे खवले, काड्यांचे दात,
पोटात एक अंडं.
बांध फोडू नकोस, माणूस धरू नकोस,
हे घे तुझं वर्षाचं.
आणि ती ऐकते. आजोबांपासून ऐकत आलीय.
एका अंड्यावर वर्ष काढते.

यंदाही घातली.
बांधाला निळा पत्रा लागलाय, त्याच्या अलीकडे,
हातभर जागेत, शेपटी जरा दुमडून.
‘वैकुंठाला किती अंडी लागतील?’ शाबलोनं विचारलं.
सगळे हसले. मीही हसलो.
खिशातली घडी अजून मोडली नव्हती.

आते गुडघ्यावर बसून शिंपले खोचत होती,
नखाच्या कडेला निळी रेघ तशीच.
कोपरापर्यंत चिखल. तिनं वर पाहिलं.
‘तुझे हात स्वच्छ आहेत,’ म्हणाली,
‘तू ठेव.’
अंडं तिनं माझ्या तळव्यात दिलं.

मी वाकलो. आत चिखल गार होता.
हात मनगटापर्यंत गेला, अंडं बसलं,
काड्या कातडीला जरा लागल्या.
सुसरीनं तोंड मिटलं नाही.
मी थांबलो थोडा वेळ,
तसाच, हात आत ठेवून.