दाब, धर, सोड

जाम घाट उतरताना तिसऱ्या वळणावर
पेडल जमिनीला टेकलं
आणि जीप चालत राहिली म्हशींच्या मागे,
निवांत, तिला काहीच घाई नसल्यासारखी.
हँडब्रेक ओढला, गिअर खाली पाडला,
देवाचं नाव राहूनच गेलं.
गुराखी ओरडला, "हॉर्न तो बजाओ, माताजी!"
अर्ध्या तासाने पेडल पुन्हा वर.
निर्दोष. ताठ.

आता ती पागनीसपागेत विटांवर चढलीय,
महूच्या लिलावातली, एकावन्न सालची,
माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.
हारूनभियाच्या फक्त चपला दिसतात, आणि आवाज येतो:
दाबा. धरा. सोडा.
माझा गुडघा दर वेळी कटकन वाजतो,
तो खालून विचारतो, "ये कौन सा पुर्जा है?"

चारही ड्रम उतरवले.
शू कोरडे, तेलाचा डाग नाही,
रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहिल्या, वाकवून पाहिल्या.
पेडल दाबून धरायला लावलं, शंभरपर्यंत मोजायला लावलं.
मी मोजलं. मराठीत.
शंभराला पाय होता तिथेच होता.
"बाई साब, कुछ नी है इसमें."

म्हणजे मग घाटात कोण होतं?

चहा झाला. त्याने कप स्टेपनीवर ठेवला
आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,
तेल कोणतं घातलंत?
मी आतून डबा आणला,
मसाल्याच्या फळीवरचा, हळदीच्या बरणीशेजारचा.
झाकण वाकडं. तीन वर्षं वाकडंच.
त्याने डबा हलवला, वास घेतला,
माझ्याकडे पाहिलं नाही.

चौतीस वर्षं मी मुलींना फळ्यावर लिहून दिलं,
काही पदार्थ हवेतलं पाणी ओढून घेतात,
म्हणून बाटलीचं बूच, मुलींनो, घट्ट.
एकीला तर वर्गाबाहेर काढलं होतं त्यावरून,
गोखरू आडनावाची, पुढे ती डॉक्टर झाली.
पाणी तेलात बसून राहतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात,
शहरात सिग्नलपुरते ब्रेक, तोवर सगळं ठीक.
घाट लागतो, ड्रम तापतात,
ते उकळतं, वाफ होते,
आणि वाफेला कितीही दाबा,
ती दबते. बस, दबतच जाते.

हे मी त्याला सांगितलं.
तो म्हणाला, "वो तो मालूम है."

डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात,
तेच सगळ्यात लांब.
सरबताच्या बाटलीत जुनं तेल उतरलं,
कोऱ्या चहाच्या रंगाचं, मग फिकट, मग स्वच्छ.
दाब, धर, सोड.
पायाखाली पेडल दगडासारखं झालं
तेव्हा गुडघ्याचं मी विसरले होते.

नव्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली,
उघडल्याची तारीख, वेळ, खाली सही,
प्रयोगशाळेत लावायचे तशी.
त्याने पैसे सांगितले, मी चाळीस कमी केले,
त्याने वीस परत वाढवले.

संध्याकाळी राजवाड्यापर्यंत चक्कर मारली.
रस्ता रिकामा असतानाही तीनदा
विनाकारण ब्रेक दाबला.
मागचा रिक्षावाला काय म्हणाला
ते इथे लिहीत नाही.